चेंडू आमचा, कप्तानी कुणाची?

(वर्तकनगरातल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर वाचीन. आधी क्रिकेटवर बोलायचंय. हसू नका.

मी गोदीत माल उतरवतो. आठवडाभर स्टीलच्या कॉईलींशी झटायचं आणि रविवारी टेनिस बॉल घेऊन मैदानात उतरायचं. इथं बसलेल्या निम्म्या पोरांनी माझा चेंडू खेळलाय. दोन वर्षांमागं एका पुढाऱ्याच्या चषकात मी पाच विकेटा काढल्या. रोख बक्षीस मिळालं, टी-शर्ट मिळाला. पुढं निवडणुकीच्या वेळी नाक्यावर बॅनर लागला. त्यावर पुढारी हात जोडून आणि त्याच्या बाजूला मी चेंडू घेऊन. उभा होता तो आपल्याच कार्यकर्त्याच्या विरोधात. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही जाऊन बॅनर काढा म्हटलं नाही. टी-शर्ट अजून घरात आहे. त्या बॅनरनं मला पाळवणकर बाळूपर्यंत नेलं.

बाळू १८७६ सालचा, जातीनं चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकर होता. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबाला सराव हवा असला की डाव्या हातानं तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. बॅट साहेबानं धरायची, घाम चाकरानं गाळायचा. आमच्या गोदीतही क्रेनवर बसणारा वेगळा आणि खाली साखळी अडकवणारा वेगळा.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय ते जमत नव्हतं, म्हणून बाळूला घेतलं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा. चहाच्या वेळेला मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, त्याचा चहा मातीच्या भांड्यात, जेवणाची पंगत वेगळी. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता!

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळू त्या संघात होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज. महाराज बहुतेक सामन्यांना मैदानावर नव्हतेच, मेजवान्यांत होते. बाळूनं पस्तिशीच्या वयात, दुखऱ्या खांद्यानं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आला तेव्हा सत्कार झाले. कप्तानी? ती नाही. वर्षामागून वर्ष गेलं, त्याच्याहून कमी खेळलेले कप्तान झाले. १९२० साली तर बाळूलाच संघातून वगळलं. तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी आम्ही खेळत नाही म्हणून सांगितलं. मित्रांनो, तो संप होता. माल उतरवणार नाही म्हणतो तसाच. मग जिमखाना हलला, बाळू उपकप्तान झाला. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि त्यानं युरोपियनांना हरवलं. ते नुसत्या गुणवत्तेनं झालं नाही. गुणवत्ता १९०६ लाही होतीच की. चारी भाऊ खेळाडू होते, एकानं मार खाल्ला तर बाकीचे उभे राहिले, म्हणून झालं.

आता अमेरिकेत चला. तिथलं क्रिकेट म्हणजे बेसबॉल. तिथं काळ्यांना मोठ्या लीगमध्ये साठ वर्षं शिरकाव नव्हता. तसा कायदा लिहिलेला नव्हता, मालकांचं आपसात ठरलेलं होतं. गावकीचं ठरतं तसं. काळ्यांनी रडत न बसता १९२० साली स्वतःची लीग काढली. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला. प्रेक्षक शिव्या देत होते, धमकीची पत्रं येत होती आणि उलटून बोलायचं नाही ही अट होती. त्यानं पाळली आणि खेळून दाखवलं. पण ब्रुकलिनच्या मालकांनी रॉबिन्सनच्या जुन्या काळ्या क्लबाला एक पैसा दिला नाही. चांगले खेळाडू गोऱ्यांकडे गेले आणि काळ्यांची लीग मोडून पडली. खेळाडूला दार उघडलं, काळ्यांचं घर गेलं. आपल्याकडं मरीन लाईन्सला पारशी, इस्लाम, हिंदू असे जिमखाने ओळीनं उभे आहेत. त्या ओळीत आपला जिमखाना कधी झालाच नाही, मोडायचा कुठून?

बेसबॉलमध्ये आणखी एक गंमत होती. खेळाडू क्लबाच्या मालकीचा. मालक विकेल तिथं जायचं. कर्ट फ्लड नावाच्या काळ्या खेळाडूनं १९६९ साली जायला नकार दिला. पगार भरपूर होता, तरी तो म्हणाला, मी विकायची वस्तू नाही. कोर्टात गेला, १९७२ साली सुप्रीम कोर्टात हरला, धंद्यातून संपला. पुढं तीन वर्षांनी त्याच वाटेनं बाकीचे सुटले. आज आपल्याकडं खेळाडूंचा लिलाव टीव्हीवर लागतो आणि आपण टाळ्या वाजवतो. लिलावात पैसा मिळतो हे खरं. पण हातोडा कुणाच्या हातात आहे ते बघा.

आता मुद्द्याचं. १९४९ साली अमेरिकन सरकारनं रॉबिन्सनला संसदेच्या समितीपुढं बसवलं. कशासाठी? पॉल रोबसन या काळ्या गायकाच्या, लढवय्याच्या विरोधात बोलायला. त्याच्या बारा वर्षं आधी, १९३७ साली मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूला उभा केला. कुणाच्या विरोधात? बाबासाहेबांच्या! बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. आपल्या माणसाला आधी बाहेर चहा पाजायचा, मग आपल्याच नेत्यापुढं उभा करायचा.

काही मित्र म्हणतात, मग बाळू आपला कसा? तो काँग्रेसचा, त्यात चांभार. मी म्हणतो, जात मोजायचं काम जिमखान्याचं, आपलं नाही. १९३७ ची त्याची चूक चूकच. पण ते ११४ बळी कुणाच्या मेहेरबानीनं पडले नव्हते. बाळू १९५५ साली गेला. रॉबिन्सननं १९७२ साली आत्मचरित्रात लिहिलं की आता मला रोबसनबद्दल जास्त आदर वाटतो, आणि राष्ट्रगीताला उभं राहणं मला जमत नाही. त्याच साली तो गेला. आणि त्याच साली मुंबईत, अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरचं नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली.

मी बाळूहून मोठा नाही. तो ज्या जागी चुकला, तिथंच मी एका टी-शर्टवर चुकलो. म्हणून पोरांनो, खेळणं सोडू नका. चषकात उतरा, विकेटा काढा, बक्षीस घ्या. तो आपल्या घामाचा पैसा आहे. पण बॅनरवर फोटो लावू देऊ नका. कप्तान कोण हे संघानं ठरवायचं आणि वर्गणीचा हिशेब संघानं ठेवायचा. एकाला वगळलं तर बाकीच्या दहांनी पॅड सोडायचे. विठ्ठल आणि शिवराम यांनी तेच केलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला मी मैदानात आहे. तो टी-शर्ट आणणार आहे, खेळपट्टी पुसायला.