कानातला तोल आणि आठवण
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार, डॉक्टर नव्हे. पण वाचनालयात बसून जे समजून घेतले, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो.

रात्री वीज जाते. तरी आपण चाळीचा जिना चढतो, वळतो आणि बरोबर आपल्याच दारापाशी येतो. डोळ्यांना दिसत नाही, मग किती वळलो हे कोण सांगते? पाय सांगतात आणि कानही सांगतो!

साच्यांच्या खडखडाटाने ऐकू येणे कमी होते, हे आपण जाणतो. पण ऐकण्याखेरीज आतल्या कानाला दुसरेही काम आहे. तिथे द्रवाने भरलेल्या ३ अर्धगोल नळ्या असतात. डोके फिरले की द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. शेजारच्या २ पिशव्यांत चुन्याचे बारीक कण असतात. आपण कललो, पुढे सरकलो, की ते कळवतात.

ही खबर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागापर्यंत पोचते. आठवणी बनवणे आणि जागांचा नकाशा ठेवणे, ही त्याची कामे. उंदीर ठरावीक जागी आला की याच भागातली ठरावीक पेशी जागी होते, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली दाखवले. त्यांना २०१४ साली नोबेल मिळाले.

जर्मनीत डॉ. थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी १० रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेत त्यांच्या दोन्ही कानांचे तोलाचे मज्जातंतू तोडावे लागले होते. २००५ साली निष्कर्ष छापून आला. निरोगी माणसांपेक्षा त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे १७ टक्के लहान भरला. इतर स्मरणशक्ती शाबूत होती, पण वाट लक्षात ठेवणे जड जात होते.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. क्षयावर पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने देत. त्याने असंख्य जीव वाचले, पण काहींच्या कानातला तोल कायमचा बिघडला. असा माणूस अंधारात झोकांड्या खातो. लोक म्हणतात, "म्हातारा टाकून आलाय." वाट चुकला तर म्हणतात, "वेड लागलं." बंधूंनो, त्याने थेंबही घेतलेला नसतो!

सगळा विसराळूपणा कानामुळे होतो, असे आमचे म्हणणे नाही. पण चक्कर येते, तोल जातो, त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी कधी ते चुन्याचे कण सरकून नळीत गेलेले असतात. डॉक्टर ठरावीक रीतीने डोके वळवून ते जागेवर आणतात, आणि पुष्कळांना लगेच आराम पडतो. तोलाचे व्यायामही असतात, ते शिकून घ्या. जिन्यात दिवा लावा. म्हाताऱ्यांना कोपऱ्यात बसवून ठेवू नका, हात धरून रोज चालवा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.