लोकहिताची वकिली

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव यांचे नाव धारण करणारे रुग्णालय आहे. टेकडीच्या पलीकडे दिल्ली विद्यापीठ असून तेथील विधी विभाग १९२४ चा आहे. गोरगरिबांची वकिली करून चरितार्थ चालेल काय, हा कायद्याच्या विद्यार्थ्यापुढील जुनाच प्रश्न होय.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या आरोपातून दोघा पोलिसांना मुक्त केले. फिर्यादी होती चंद्रपूर जिल्ह्यातील एक अनाथ आदिवासी मुलगी. पुढील वर्षी याच विद्यापीठातील उपेंद्र बक्षी व लतिका सरकार यांनी रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांच्यासह सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकाल फिरला नाही. परंतु देश जागा झाला. आपली संमती नव्हती असे कोठडीतील स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद १९८३ मध्ये झाली.

त्या पत्रासाठी कोणी शुल्क दिले नव्हते. आता मात्र १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती व बंदिवान यांना विनामूल्य वकील मिळतो आणि त्याचे मानधन सरकारी निधीतून दिले जाते. २०२२ च्या योजनेने आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्यास आरंभ झाला. त्यांतील साहाय्यकाचे पद नवोदितांसही खुले आहे. धागमवारांनी दिल्लीत स्थापिलेल्या ‘मार्ग’सारख्या संस्था लोकांना कायदा समजावून देतात, तेथेही पदवीधर लागतात.

या वाटेने वैभव येत नाही. चरितार्थ मात्र चालू शकतो. आणि त्या मुलीसारख्या कोणाचा तरी शब्द न्यायासनापर्यंत पोहोचतो.