पाच चित्रपट आणि आपला मुलूख

गेल्या महिना-दीड महिन्यात पाच चित्रपट पाहण्याचा योग आला. योग म्हणण्याचे कारण असे की, त्यांची निवड मी ठरवून केलेली नव्हती. हाताशी थोडी फुरसत होती आणि घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह होता, एवढेच निमित्त. मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे. माझे मूळ गाव पेडण्याकडचे आणि नोकरीची सारी वर्षे गेली डिचोलीत. तेव्हा, श्रोतेहो, आज तुमच्यापुढे मांडतो आहे ते परीक्षण नाही. पाहता पाहता मनात जे आले तेवढेच सांगणार आहे. मात्र हे पाचही चित्रपट कोणत्या ना कोणत्या नात्याने आपल्या मुलखाशी बांधलेले होते, त्यामुळे पाहताना मन अलिप्त राहीना.

आरंभ झाला तो हसण्याने. १९६५ सालचा 'जोहर मेहमूद इन गोवा' हा आय. एस. जोहर यांचा चित्रपट. गोवा मुक्त होऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती, आणि त्या मुक्तिलढ्याचा असा फार्स पडद्यावर आला होता! पोर्तुगीज शिपाई म्हणजे केवळ फसविले जाण्यासाठी जन्मलेले प्राणी, आणि दोघे विनोदवीर म्हणजे संकटातून सहज निसटणारे पारध. मुलांनी पोट धरून हसून घेतले. हसू मलाही आले. पण ज्यांनी त्या राजवटीची पोलीस कोठडी पाहिली, त्यांना ते कितपत आले असेल, असाही विचार मनाला चाटून गेला. एवढे मात्र खरे की, ज्याचे भय गेले त्याचीच माणूस थट्टा करू शकतो.

त्यानंतर पाहिला तो ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी'. अमिताभ बच्चन यांचा हा पहिला चित्रपट, १९६९ सालचा. निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषांचे व धर्मांचे सहा तरुण गोव्यात शिरतात आणि इथल्या मारियाच्या साथीने तिरंगा फडकवितात, ही त्याची कथा. अब्बास यांनी एक गंमत केली आहे. नटाचा प्रांत वेगळा आणि भूमिकेचा वेगळा. उत्पल दत्तांसारखा बंगाली नट येथे पंजाबी होतो. संवाद पुष्कळदा व्याख्यानाच्या वळणावर जातात आणि योगायोगही फार आहेत. तरीसुद्धा ज्या माणसाने पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पाहिले आहे, त्याला हा चित्रपट भाबडा म्हणून बाजूला सारता येत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आमच्या पेडण्याच्या सीमेवर, त्या पत्रादेवीला, कर्नैल सिंग गोळी लागून पडला. तो पंजाबचा. त्याचे गाव कुठे आणि पेडणे कुठे! अब्बास यांनी रंगविलेला पंजाबी काल्पनिक असेल, पण त्याच्याहून विलक्षण असा खरा पंजाबी आमच्या मातीवर प्राण ठेवून गेला आहे.

तिसरा श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल', १९८५ सालचा. काळ १९६१, पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे दिवस. स्थळ लोटलीतला एक थोरला वाडा. घरचा कर्ता पुरुष नुकताच वारला आहे, त्याची विधवा त्याच्या आत्म्याला बोलावू पाहते. मेणबत्त्यांच्या उजेडात अशोक मेहतांच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती दालने डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यात एक जागा मला फार लागली. पतीऐवजी तिथे प्रकटतो तो बंडखोर राणे! सत्तरीच्या राण्यांची बंडे आम्हां डिचोलीकरांना शेजारघरची. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींतला माणूस त्या जुन्या काबिजादीतल्या वाड्यात यावा, आणि तोही न बोलाविता, भूत होऊन! आम्ही चित्रपटांतल्या गोव्यात येतो ते बहुधा असेच. गोवा म्हटला की समुद्रकिनारा, चर्च आणि नाचगाणे. डोंगराकडचा गोवा कोणी बोलावीत नाही.

तो डोंगराकडचा गोवा भेटला लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या 'पल्तडचो मुनिस' या कोंकणी चित्रपटात. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर तो आधारलेला असून २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पारितोषिक मिळाले. पत्नीच्या मृत्यूने एकटा पडलेला एक वनरक्षक, आणि रानात भटकत आलेली एक वेडसर स्त्री. तो तिला आसरा देतो आणि गावाचे डोळे फिरतात. ना आरडाओरडा, ना पार्श्वसंगीताचा भडिमार. घरातल्या तरुणांना तो संथ वाटला. मला तर तो आमच्या रानातल्या पायवाटेच्या चालीने चालणारा वाटला. निराधाराला कोणी हात दिला की, 'का दिला' हे विचारायला जो गाव जमतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या गावात आपणही उभे असतो.

शेवटचा 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांचा हा मराठी चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला. पेडण्याच्या माणसाला हे नावच पुरेसे आहे. देवळापुढची जत्रेची रात्र, तो संकासुर, स्त्रीवेषातले पुरुष नट, ऐनवेळी सुचलेले संवाद आणि पहाटेची दहीहंडी, या साऱ्यावर आम्ही वाढलो. दिलीप प्रभावळकर यांनी दृष्टी अधू होत चाललेला वृद्ध दशावतारी बाबुली मेस्त्री असा उभा केला आहे की, ऐंशी ओलांडलेल्या या नटाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. त्याचा मुलगा खाणीच्या कारभाराचा बळी ठरतो, आणि म्हातारा एकेका अवताराच्या वेषात त्याचा सूड घेतो.

टाळ्या मीही वाजविल्या. पण घरी आल्यावर माझ्यातला डिचोलीकर स्वस्थ बसेना. चित्रपटात खाण म्हणजे एक दुष्ट माणूस. त्याला मारले की प्रश्न मिटला. आमच्याकडे तसे नव्हते. शिरगावासारख्या गावांत विहिरी आटल्या, शेतांत खाणीची माती साचली. आणि त्याच तालुक्यात ट्रकाच्या हप्त्यावर, खाणीच्या पगारावर शेकडो चुली पेटत होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबविल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला; २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. दोन्ही वेळा एका घरात सुटकेचा नि:श्वास आणि शेजारच्या घरात रडे होते. कित्येकदा तर दोन्ही एकाच घरात, भावाभावांत. ज्याचे शेत गेले तोही आपला, आणि ज्याचा ट्रक अंगणात गंजला तोही आपलाच. मग नरसिंहाने फाडायचे कोणाला?

हा चित्रपटाचा दोष म्हणून मी सांगत नाही. दशावतारात असुराचा वध व्हायचाच. त्यावाचून पहाट होत नाही. परंतु वधाने जे सुटत नाही, त्याचेही आख्यान कोणीतरी रचावे, अशी माझी इच्छा आहे. त्यात लाल धुळीने माखलेला रस्ता असावा, आटलेली विहीर असावी, ट्रकाचा हप्ता थकलेला तरुण असावा, आणि त्यांतल्या कोणालाही असुराचा रंग फासलेला नसावा. असा चित्रपट कठीण खरा, आणि तिकीटबारीवर त्याचे काय होईल ते सांगवत नाही. पण डिचोलीच्या माणसाला त्यात आपले घर ओळखू येईल.