हँडल लॉकवर विसंबू नका

मेरठचा सोतीगंज बाजार अनेक वर्षं चोरीच्या गाड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. दिल्ली परिसरातून पळवलेली दुचाकी तिथे पोहोचली की तिचे भाग सुटे व्हायचे आणि इंजिन, चाकं, दिवे वेगवेगळे विकले जायचे. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१मध्ये तो बाजार बंद पडला. चोऱ्या मात्र थांबल्या नाहीत, कारण स्वस्त सुट्या भागांना गिऱ्हाईक आजही आहे. बिलाशिवाय जुना भाग विकत घेणारा माणूस नकळत चोरीलाच हातभार लावतो.

दुचाकी हलकी असते, ढकलत नेता येते. हँडल लॉक जोरदार हिसक्याने तुटतं, आणि घराबाहेरच्या गल्लीत रात्रभर उभी असलेली गाडी चोराला भरपूर वेळ देते. म्हणून दुसरं कुलूप हवंच. पुढच्या चाकाला डिस्क लॉक लावावं किंवा जाड साखळीने गाडी एखाद्या पक्क्या खांबाला बांधावी. डिक्कीत मूळ आरसी ठेवू नये. डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने चालते.

विम्याची गोष्ट अनेकांना उशिरा कळते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते.

गाडी गेलीच, तर दिल्लीत २०१५पासून वाहनचोरीची ई-एफआयआर ऑनलाइन नोंदवता येते. त्यासाठी गाडीचा क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक आजच मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत, आणि तक्रार नोंदवताच विमा कंपनीलाही कळवावं.