कॅमेरा कुणाच्या हातात?

(येडशी इथं झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बार्शी लाइटवर राबलेल्या, त्या गाडीनं ये-जा केलेल्या बायांच्या आठवणी आणि फोटो गोळा करायचे, असं या शिबिरात ठरलं आहे. कामाला लागण्याआधी कॅमेऱ्याशी नाव जोडलं गेलेल्या दोन बायांची आठवण करावी, म्हणून मी उभी आहे. एकीचं नातं थेट रेल्वेशी आहे. दुसरी शिक्षिकेचं शिक्षण घेऊन वृत्तपत्र छायाचित्रकार झाली. दोघींकडून शिकायचं आहे आणि दोघींना प्रश्नही विचारायचे आहेत.

आधी आपल्या गाडीबद्दल. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढं येडशी, ढोकी, मुरुडवरून १९११ साली ती लातूरला पोचली. तेव्हा हा मुलूख निजामाचा आणि गाडी इंग्रज कंपनीची. १९५४ साली ती सरकारनं ताब्यात घेतली. २००७-०८ मध्ये इथं मोठे रूळ आले, धाराशिव शहराला स्टेशन मिळालं आणि छोटी गाडी संपली. तिचे फोटो पुष्कळ आहेत. देशविदेशातल्या हौशी लोकांनी ते प्रेमानं काढले. पण अशा फोटोंखाली काय लिहिलेलं असतं? इंजिनाचा नंबर. खडी टाकणारी किंवा गाडीपाशी पेरू विकणारी बाई चौकटीत आलीच, तर तिचं नाव नसतं. इंजिनाला ओळख आहे, बाईला नाही.

तुम्ही म्हणाल, फोटो काढणारे पुरुष होते म्हणून असं झालं. बाईच्या हातात कॅमेरा असता तर? म्हणून पहिली गोष्ट सांगते ती बोरघाटाची.

मुंबईहून पुण्याकडं येणारी रेल्वे चढवण्यासाठी १८५६ साली घाटात काम सुरू झालं. मजुरी थकली म्हणून १८५९ साली मजुरांनी दंगा केला. पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको एलिस परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं ठेका स्वतःकडं ठेवला. दोन इंजिनिअरांवर रोजचा कारभार सोपवला आणि १८६३ साली घाट पुरा झाला. पंचवीस बोगदे, पुलांची रांग आणि अठराशे फुटांहून जास्त चढ! त्या बांधकामाच्या छायाचित्रांचा आल्बम तिच्या नावानं ओळखला जातो.

एका विधवेनं एवढा मोठा ठेका पेलला, हे आपण अभिमानानं सांगू. पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. ऐन भरात घाटावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. त्यांत डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया होत्या, पोरं होती. साथीच्या रोगांत आणि अपघातांत हजारो माणसं गेली. एलिसचं नाव राहिलं, इंजिनिअरांचं राहिलं, उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नरचं राहिलं. पाटीवालीचं राहिलं नाही. कॅमेरा बाईकडं असला तरी बाई ठेकेदाराच्या बाजूला उभी असेल, तर तिलाही सगळं दिसतंच असं नाही. जात आणि वर्ग आपल्या डोळ्यांवरही झापड बांधतात.

या घाटातून जाणारी गाडी जिथून सुटते, त्या बोरीबंदर स्टेशनाचा चाळीसच्या दशकातला एक सुरेख फोटो आहे. तो होमाई व्यारावाला यांचा. ही आपली दुसरी मैत्रीण.

होमाईंचा जन्म १९१३ साली नवसारीचा. वडील फिरत्या पारशी नाटक मंडळीत नट. मुंबईत कॉलेज झालं आणि जे.जे. कला शाळेत त्यांनी चित्रकला-शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला. त्या काळी शिकलेल्या मुलीला शिक्षिका होणं हाच रुळलेला रस्ता. होमाईंनी मात्र मित्र माणेकशा यांच्याकडून कॅमेरा शिकून घेतला. पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. जे.जे.मधल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, कामाची माणसं त्यांनी टिपली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’नं फोटो छापले, एका फोटोला एक रुपया. पण सुरुवातीला ते छापले गेले नवऱ्याच्या नावानं. बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि बाई फोटोग्राफर असते यावर विश्वासही नव्हता.

१९४२ साली दोघं नोकरीसाठी दिल्लीला गेले. होमाई साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन पुरुषांच्या गर्दीत शिरत. ही बाई उगाच कॅमेरा घेऊन फिरते असं पुरुषांना वाटे. त्याचा आपल्याला फायदाच झाला, असं त्या पुढं हसून सांगत. फाळणीच्या बाजूनं हात वर करणारे नेते, लाल किल्ल्यावरचा पहिला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सारं त्यांनी टिपलं. १९६९ मध्ये माणेकशा गेले. १९७० साली होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. नव्या फोटोग्राफरांचं वागणं त्यांना पटेना. पुढं एकुलता एक मुलगाही गेला. बडोद्यात त्या एकट्या, स्वतःची कामं स्वतः करत राहिल्या. २०११ साली पद्मविभूषण मिळालं. २०१२ च्या जानेवारीत, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. देशातली पहिली स्त्री वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. पण मधली कितीतरी वर्षं ते फार कुणाच्या ओठावर नव्हतं, हेही ध्यानात ठेवा.

आता आपलं काम. आज खेड्यापाड्यांत बायांच्या हाती मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. यंत्राची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती सवयीची. घरातल्या जुन्या फोटोवर सासऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, सासूचं नसतं.

तेव्हा काही गोष्टी पक्क्या करू. फोटो काढण्याआधी विचारायचं. ती नको म्हणाली तर नको. नाव तिचं लिहायचं, ‘अमक्याची बायको’ असं नाही. काम काय केलं, मजुरी किती मिळाली, हातात कुणाच्या पडली, हे विचारायचं. फोटो कुणी काढला तेही लिहायचं, नाहीतर होमाईंचं झालं तेच होईल. आणि फोटोची एक प्रत तिला नेऊन द्यायची. आपण तिच्याकडून घेऊन निघून गेलो, तर आपणही ठेकेदारच.

वेळ थोडा आहे. रुळांवर राबलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. १९४१ साली इथं जवळच, कसबे तडवळ्यात, डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद झाली. त्या दिवसांत गावातल्या बायांनी काय पाहिलं, काय ऐकलं? ते सांगू शकणाऱ्या बहुतेक जणी गेल्या. आता त्यांच्या लेकी-सुनांना विचारायला हवं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं निदान एका बाईचा फोटो आणि तिच्या तोंडून ऐकलेली पानभर आठवण आणावी. लिहिता येत नसेल तिनं सांगावी, दुसरीनं लिहून घ्यावी. त्याखाली दोघींचीही नावं घालू.