कोंबडीच्या खाद्यातले औषध आणि माणसाचे दुखणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची चर्चा निघाली की दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई होते. डॉक्टर सर्रास गोळ्या लिहून देतात, रोगी त्या अर्धवट सोडतो, हे खरेच आहे. परंतु हीच औषधे कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात किती ओतली गेली, ते कोणी ठरवले आणि त्याची किंमत कोण मोजतो, याविषयी मौन पाळले जाते.

प्रारंभ अमेरिकेत झाला. १९४८ साली लेडर्ली या औषध-कंपनीतील टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा पिल्लांना चारला. पिल्ले अपेक्षेहून लवकर वाढली. टाकाऊ चोथ्याला बाजारभाव आला! १९५१ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा दिली. रोग बरा करण्याचे औषध वजन वाढवण्याचे साधन बनले.

यातली गोम मात्रेत आहे. रोज थोडे थोडे औषध दिले म्हणजे दुबळे जीवाणू मरतात व चिवट तेवढे उरून वाढतात. शिवाय चिवटपणाची जनुके बहुधा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वलयांवर असतात. ती एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. एकाच वलयावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. म्हणून एक औषध वापरले तरी चारांचा प्रतिकार पोसला जातो.

हे प्रत्यक्ष दाखवले बॉस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी. त्यांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन-गटातील औषध मिसळलेले खाद्य दिले, काहींना साधे. आठवडाभरात औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यांतील बहुतेक सारे ई. कोलाय जीवाणू त्या औषधाला प्रतिकारक झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही, शेजाऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक, प्रतिकारक जीवाणू आढळू लागले. त्या माणसांनी औषध घेतलेले नव्हते. या अभ्यासाला पैसा पशु-औषध उत्पादकांच्या संघटनेनेच पुरवला होता, हे विशेष.

पुढे काय झाले? १९७७ साली अमेरिकन प्रशासनाने खाद्यातील पेनिसिलिन व टेट्रासायक्लिनवर बंधने घालण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसमधील हितसंबंधीयांनी ‘आणखी अभ्यास करा’ म्हणून तो अडवला. तो प्रस्ताव २०११ साली मागे घेण्यात आला. मानवी उपचारातील महत्त्वाची औषधे केवळ वाढीसाठी देणे तेथे २०१७ साली थांबले. नफ्यासाठी प्रयोग करताना पुरावा लागला नाही, तो थांबवताना मात्र चाळीस वर्षांचा पुरावाही पुरला नाही. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीची सर्व प्रतिजैविके बंद केली. डेन्मार्कने तर ती त्याआधीच सोडली होती. तिथला कोंबडी-व्यवसाय त्यामुळे बुडाला नाही.

भारतात २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने राजधानी-परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. ‘मांस नीट शिजवा म्हणजे झाले’ असे यावर सांगितले जाते. शिजवल्याने जीवाणू मरतात खरे. पण शेडमध्ये राबणारा मजूर, कोंबडी कापणारा कारागीर आणि कोंबडखत शेतात पसरणारी बाई यांच्यापर्यंत ते शिजण्याआधीच पोचलेले असतात.

कोलिस्टिनची कथा तर अधिक गंभीर आहे. अतिदक्षता विभागात सारे उपाय हरले म्हणजे डॉक्टर ज्याकडे वळतात, असे हे जुने औषध. त्याला निष्प्रभ करणारे, प्लाझ्मिडवरून पसरणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. त्यापूर्वी ते कोंबडीपालनात खुलेआम खपत होते.

आता शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु महाराष्ट्रात नाशिक-पुण्याकडे रुळलेली करारपद्धती पाहावी. एक दिवसाचे पिल्लू कंपनीचे, खाद्याचे पोते कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची शेड, बहुधा कर्ज काढून बांधलेली, आणि घरच्यांचे श्रम. सुमारे सहा आठवड्यांनी भरणाऱ्या वजनावर त्याला किलोमागे मोबदला मिळतो. मर वाढली तर तो घटतो. पोत्यात काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि हजारो कोंबड्यांच्या पाण्यात औषध सोडण्यास तो नकार देऊ शकत नाही. वाढीव वजनाचा मोठा वाटा कंपनीला जातो. प्रतिकारक जीवाणूंचा वाटा त्याला, त्याच्या गावाला आणि सरकारी इस्पितळातील त्या रुग्णाला, ज्याला स्वस्त औषध लागू पडत नाही आणि महाग औषध परवडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत आणि पालक-शेतकऱ्यांच्या बैठकांत काही साध्या गोष्टी मागाव्यात. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर त्यातील औषधाचे नाव व प्रमाण मराठीत छापावे. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकले जाऊ नये. तो पशुवैद्य औषध विकणाऱ्याच्या पगारावरचा नसावा. प्रत्येक कंपनीने वर्षाला किती औषध वापरले याचा हिशोब जाहीर व्हावा. आणि शेतात टाकण्यापूर्वी कोंबडखत नीट कुजवण्याचा खर्च शेतकऱ्याने नव्हे, कंपनीने सोसावा, हे करारातच लिहून घ्यावे.