कूस बदलताना

घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं की आधी जपायची ती त्याची पाठ. माकडहाड, खुबे, टाचा यांवर सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा होतात. म्हणून साधारण दर २ तासांनी कूस बदलावी. ओढत सरकवू नये, म्हातारपणी कातडी पातळ झालेली असते. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी अलगद उचलून वळवावं. आणि हात लावण्याआधी सांगावं, "आई, आता डाव्या कुशीवर वळवते हं." बोलता येत नसलं तरी ऐकू येत असू शकतं. अंग पुसताना दार लोटून घ्यावं, पुसायचं तेवढंच उघडं करावं. मला हे औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. लाल झालेली जागा चोळू नका. दाब काढूनही लाली जात नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

हे सगळं बहुतेक घरांत एकटी सून किंवा लेक करते. तिची झोप होत नाही, कंबर धरते. भावंडांनो, फोनवरची चौकशी पुरेशी नाही, रात्रीची एक पाळी तुम्ही घ्या. मार्गदर्शन हवं असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, क्रमांक १४५६७. फोन मोफत आहे, जरूर करा.